बुढीचा गुडघा

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार संत्री,
कारण शाळेच्या कपाटात सव्वीस वर्षं
गुंडाळून राहिलेला कागद
सांगितल्याबरोबर सपाट होत नाही.

तेवढीच वर्षं मी फळ्यावर समोच्च रेषा काढल्या.
मुलांनो, रेषा जवळ आल्या की चढ तीव्र.
खडू मोडायचा, घंटा व्हायची,
खिडकीबाहेर नागपूर
परातीत थापल्यासारखं.
सीताबर्डीची टेकडी सोडली
तर मी स्वतः कशावरच चढले नाही.

आता इथे, देवलापारच्या पलीकडे,
रेषा इतक्या जवळ आल्यात
की एकमेकींत मिसळून गेल्यात.
डोंगराला नाव नाही.
नुसता एक ठिपका, आणि ६१२.
त्यातले तीनशे दहा मीटर नागपूरनेच दिलेत,
बसल्या जागी, ग्रेस मार्कांसारखे.

"आमच्या गावात त्याले बुढीचा गुडघा म्हणतात, मॅडम.
आता तुम्ही रागावू नका."
रुपेश टेकाम. नववी ब, शेवटचा बाक.
भूगोलात पस्तीस,
तेही मी ओढूनताणून दिलेले.

तो नकाशाकडे बघतच नाही.
डोळे मिटून हवेत हाताने वाट काढतो:
इथं नाला, कोरडा असन.
इथून साजाची झाडं. मंग झाडं सरतात,
गोटेच गोटे.
या कपारीखाली आग्यामोहोळ.
तिथं बोलाचं नाही, अत्तर लावाचं नाही,
शिंक आली तं गिळाची.

मी लिहून घेते.
पाणी, माणशी चार लिटर.
"पाच," तो म्हणतो. "गोटा पण पेते."

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार.
त्यानंतर खडकावर हात टेकवत नाही.
गणेशपेठेतून साडेतीनला गाडी,
पण पायथ्याशी गेल्यावर थांबायचं,
नीट उजाडेपर्यंत.
अस्वल घरी परततं तेव्हा वाट त्याची असते.
दोर तीस मीटर, त्याच्या मेव्हण्याकडून.
"दोर म्हणजे धीर, मॅडम. कामी नाही पडला पाहिजे."

रोज संध्याकाळी मी जिना चढते,
पाच मजले, बारा वेळा,
पाठीवरच्या सॅकमध्ये सात किलो तूरडाळ.
तिसऱ्या मजल्यावर खापेकर वहिनी
दार किलकिलं करून विचारतात,
"रोज डाळ कुठं चालली?"
वर, मी म्हणते. दम लागलेला असतो,
याहून लांब उत्तर जमत नाही.
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला:
चढाल तुम्ही. उतरताना हा बोलेल.

राहिली वळायची वेळ.
मी दीड लिहिलं होतं.
त्याने पेन मागून घेतलं, खोडलं.
"अकरा. अकराले जिथं असू तिथून वापस.
माथा दहा हात राह्यला तरी."
दहा हात?
"दोन राह्यला तरी."
हे बोलताना त्याने पहिल्यांदा नकाशाकडे पाहिलं,
आणि जिथे रेषा मिसळतात
तिथलं संत्र उगाच जरा सरकवलं.
कोण वळलं नव्हतं, रुपेश?
विचारलं नाही.
अकरा गिरवलं, दोनदा.

तो गेला. बुलेटचा आवाज चौकापर्यंत ऐकला.
मग एक चिठ्ठी लिहिली वहिनींसाठी:
कुठून जाणार, कोण सोबत,
सातपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं.
पाकीट चिकटवलं नाही.
त्या तशाही उघडणारच.

साडेदहा. बूट दाराशी, वात काढून ठेवलेल्या समईशेजारी.
डाळ परत डब्यात ओतली,
तिच्या जागी पाच लिटर पाणी, भाकरी, ठेचा,
आणि शेवटी चारही संत्री.
एकेक उचलताच नकाशाचा एकेक कोपरा उठला,
आणि तो आपणहून पुन्हा गुंडाळून बसला,
६१२ आतल्या बाजूला.